लाकडी घोड्याचे चित्र आणि बाकीचे

मी, वय एकाहत्तर, संग्रहालयाच्या नोंदणी विभागातील निवृत्त चित्रकार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत आहे, गुडघ्यांची हमी देत नाही. फार दमले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

१. राहती खोली व बँकेतील शिल्लक भाचीला द्यावी. ती दर रविवारी येते आणि उपदेश करत नाही.

२. कुंचले व रंगपेटी माझ्या जागी आलेल्या मुलीला. "कॅमेरा असताना चित्र कशाला?" असे विचारणाऱ्या साहेबांना काहीही देऊ नये.

३. भिंतीवरचे लाकडी घोड्याचे जलरंगातील चित्र माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे भाचीच्या वडिलांना द्यावे. एकोणतीस वर्षे आमचा अबोला आहे, म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

घोडा आमच्या वडिलांनी कोरला. ते सुतार होते. ते गेल्यावर तो कोणाचा, यावरून जुंपली.

"ताई, तो माझाय. कानावर माझे दात आहेत."

"दात माझे आहेत. तू तेव्हा पाळण्यात होतास."

थोरली म्हणून माझे खरे ठरले. रागाच्या भरात मी घोडा संग्रहालयाला देऊन टाकला, आणि नोंदीसाठी त्याचे चित्र काढायचे काम माझ्याच टेबलावर आले.

आमच्या कामाचा नियम एकच: आहे तसे काढायचे. तडा बुजवायचा नाही, उडालेला रंग भरायचा नाही. पाठीवरचा लाल रंग बसून बसून फिकट झाला होता, तो तीन पातळ हातांत साधला. लाकूड उघडे पडले होते तिथे कागद कोरा राखला. ती पाठ अजूनही पाहावीशी वाटते.

नवव्या दिवशी भिंग घेऊन कानाशी आले. दातांच्या खुणांत मधली एक जागा रिकामी होती. लहानपणी जिन्यावरून पडून पुढचा दात भावाचा तुटला होता, माझा नाही. तोवर मला खरोखरच माझे खरे वाटत होते.

ती फट मी जशीच्या तशी काढली. बोलले मात्र नाही. याची मला लाज वाटते.

घोडा पुढे गोदामात वाळवीने खाल्ला. खुराखाली पाण्याचा थेंब पडल्यामुळे नाकारलेले हे पहिले चित्र तेवढे माझ्याकडे राहिले.

४. चित्र उन्हात लावू नये, लाल रंग उडतो. भाचीने ते स्वतः न्यावे, सोबत भिंग न्यावे. वडिलांना आधी कान दाखवावा, मग एवढेच वाचावे: घोडा तुझा होता.

आमच्या चित्रांवर सही करायची मुभा नसे. इथे करते.

(सही) ताई

ठिकाण: उत्तरेच्या खिडकीजवळचे टेबल
दिनांक: नऊ मार्च

साक्षीदार:
१. चौकटी करणारे शेजारी
२. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य. कान त्यांनी भिंगातून पाहिला आहे.