'काढणे' या क्रियापदाविषयी

अकोला, मार्गशीर्ष वद्य पंचमी, सायंकाळ

रूळ तपासणारा यांत्रिक डबा परवा बडनेऱ्याहून येऊन गेला. रूळ जेथे खचला असेल, तेथे डब्यातून आपोआप चुना पडतो. तो फिकट असतो, म्हणून त्यावर ठळक रेघ ओढावी, असा साहेबांचा इंग्रजी हुकूम. स्टेशनमास्तरांसाठी मी त्याचे मराठी केले : 'चुन्याच्या खुणा काळजीपूर्वक काढाव्या.'

आज रुळांवरील टोळीचे मुकादम शेख चाँद भेटले.

"गुरुजी, साऱ्या खुना काढल्या, घासून घासून. एकबी दिसली तं सांगा."

मी त्यांच्या हातातला हुकुमाचा कागद घेऊन पाहिला.

"असे काहून पाहून राहिले? तुमीच तं लिवलं, काढा म्हनून."

वाक्य निर्दोष आहे. कर्मणी प्रयोग, खुणा स्त्रीलिंगी, अनेकवचनी, म्हणून काढाव्या. पुन्हा तपासले. काढाव्या. दोष कोठे दाखवू?

खचलेल्या जागांची नोंद असलेला यंत्राचा कागद डब्याबरोबरच भुसावळला गेला. जागा मुकादमांनाही आठवत नाहीत, आणि वरच्या हुकुमावाचून स्टेशनमास्तर गाडी सावकाश चालवू देत नाहीत. उद्या त्याच रुळांवरून माझी कमल तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी येणार. 'येऊ नकोस' एवढे निःसंदिग्ध वाक्य तारेने धाडावे म्हटले, तर ती आज सकाळीच धारणीहून बडनेऱ्याची गाडी धरायला निघाली.