सव्वा दिसला म्हणून दाबलं

माय, तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, तरी लिहून राहिले. मला तरी कुठं धड येतं! तिसरीतून शाळा सुटली, आणि तेव्हापासून जे लिहिलं ते किराण्याची चिठ्ठी न्हाईतर हिशेब. पण आज मन इतकं हरखलंय, आणि तितकंच गोंधळलंयबी, की कुणाला तरी सांगावंच वाटतं. इथं सासरी, डोंगरकडा गावात, ज्याला-त्याला सांगून झालंय. शेजारीण तर मला येताना बघितली की गॅसवर दूध ठेवलंय म्हणते. म्हणून म्हटलं, तू.

तुझे जावई गेल्यापासून घरचा हिशेब माझ्याकडं आहे. आधी वहीत होता. मग तुझ्या पणतीनं, म्हणजे माझ्या नातीनं, तो मोबाईलवर टाकून दिला. इकडं मी लिहिलं की तिकडं नांदेडला माझ्या लेकाच्या मोबाईलवर दिसतं. बटईदाराचे आले, दुधाला गेले, लाईट बिल भरलं, सगळं. लेक कितींदा म्हणाला, आई, दे इकडं, मी बघत जाईन. मी दिला न्हाई. म्हशी विकल्या, शेत बटईनं गेलं, सून-लेक नांदेडला. माझ्या हातात राहिलं देवघर आणि हा हिशेब. देवघरात बसून दिवस सरत न्हाई माय.

तर पंधरा दिवसांमागं मोबाईलनं विचारलं, हिशेबाचं नवीन आलंय, घेऊ का? मी म्हटलं घे बाबा. घेतल्यावर ते नव्या सुनेसारखं एकेक विचारायला लागलं. भाषा कोणती, देश कोणता, आकडे कसे दाखवू. आकड्यांचे नमुने एकाखाली एक होते. एकात १,२५०.०० होतं. एकात मधी नुसती जागा सोडलेली. आणि एकात १.२५०,०० असं. एक, त्यापुढं टिंब, त्यापुढं पंचवीस. मी म्हटलं, अगं बाई, हे तर सव्वा! मागं स्वल्पविराम आणि शून्यांची शेपटी होती, पण शेपटीकडं कोण बघतं. सव्वा दिसला म्हणून दाबलं. पुढं त्यानं आणखी काहीबाही विचारलं, मी सगळ्याला व्हय म्हणत गेले.

आता तूच सांग, तुझी लेक दुसरं काय दाबणार? माहेरचं, हट्ट्याचं आपलं सैपाकघर मला अजून दिसतं. तू चुलीपुढं बसलीयस, शेजारची काकी ज्वारीचं पीठ उसनं मागायला आलीय. मी शेर भरते आणि वरून हात फिरवून सपाट करते, किती नीट मापलं ते काकीला दिसावं म्हणून. तू तिच्यादेखत म्हणतेस, "सपाट काहून केलंस? वरचा पाव कोण घालंल, तुझा सासरा?" तेव्हा माझं लग्नबी ठरलेलं नव्हतं. काकी हसून हसून वाकली. ती गेल्यावर तू मला जवळ घेतलंस. म्हणालीस, "बाई, नुसतं एक हातावर ठेवलं की टाकल्यासारखं दिसतं. सव्वा द्यावा." लग्नात माझ्या पदराला तू रुपया आणि चार आण्याचं नाणं बांधलंस. ते चार आणे आता कुणी दुकानदार हातात धरत न्हाई. माझ्या कुंकवाच्या डब्यात आहेत.

नवीन घेतल्यावर तिसऱ्या दिवशी लेकाचा फोन आला. "आई, नऊ हजार अडीचशेचं औषध? कुणी काय गळ्यात मारलं तुझ्या?"

"काय बोलतोस? सव्वानऊ रुपये दिसून राहिले इथं."

"नऊ हजार, आई! नऊ हजार!"

"सव्वानऊ! डोळ्यापुढं आहे माझ्या."

मग माझ्याच ध्यानात आलं, गोळ्यांची पट्टी तर साडेब्याण्णवला आणली होती. एक पट्टी आणि तिचे तीन भाव. मी वर-खाली बघते तर रुपयाचं चिन्ह गायब, त्याच्या जागी विळ्याला दोन रेघा मारल्यासारखं काहीतरी. दूध दीड, किराणा अडीच. आणि बँकेतली शिल्लक साडेअठ्ठेचाळीस! पोराला म्हटलं, बाबा रे, पैसे कुणी नेले काय?

तो म्हणाला, "कुणी न्हाई नेले. पण आता बास कर. मी रविवारी येतो आणि ते काढूनच घेतो. पुढचं मी लिहीन. तुला कशाला तकलीफ?" रागानं बोलला असता तर मी भांडले असते. मायेनं बोलला, त्यानं जास्त लागलं.

मी नातीला फोन लावला. ती शहरात ऑफिसात असते. "आज्जी, नमुना कोणता दाबलास?"

"सव्वाचा."

ती अशी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाली, काही देशांत हजारापाशी टिंब देतात आणि पैशापाशी स्वल्पविराम, आपल्या उलट. म्हणून मी साडेब्याण्णव लिहिताना ब्याण्णवपुढं टिंब दिलं, ते त्यानं धरलंच न्हाई, सगळे आकडे जोडून नऊ हजार अडीचशे करून टाकले. मी म्हटलं, "मग त्या लोकांना सव्वा कसा कळतो?"

"त्यांच्यात सव्वा नसतो गं आज्जी."

"मग पाहुण्याच्या हातावर काय ठेवतात?"

ती म्हणाली, ते मागून बघू, आधी हे नीट करू. तिनं एकेक सांगितलं, मी एकेक दाबलं. जगातल्या सगळ्या पैशांची ही लांब यादी, त्यात आपला रुपया हुडकला. मग आकड्यांचा आपल्याकडचा नमुना, लाख वेगळा काढून दाखवणारा. शेवटी गोळ्यांची रक्कम खोडून नीट घातली. दूध दीड हजारावर आलं, आणि शिल्लक बँकेच्या पुस्तकाशी बराबर जुळली.

रविवारी लेक सुनेला घेऊन आला. चहा घेता घेता मोबाईल बघून राहिला. "कुणी करून दिलं?"

"सांगितलं पोरीनं. बोटं माझी."

"मग दाखव बरं, कुठं बदलतं हे?"

मी चष्मा चढवला आणि त्याच्या डोळ्यादेखत बदलून दाखवलं, परत जागेवर आणूनबी दाखवलं. सुनेला म्हणाला, "मला तर ही जागा ठाऊकच नव्हती." मग मोबाईल माझ्या हातात दिला. "राहू दे तुझ्याकडंच." माय, त्या वेळी मला काय वाटलं ते तिसरीपर्यंतच्या शाळेत लिहायला शिकवत न्हाईत.

टिंब कुठं आणि स्वल्पविराम कुठं, आणि एकच रक्कम दोन मोबाईलवर दोन भावाची कशी, हे मला अजूनबी पुरतं कळलेलं न्हाई. लेकाला मात्र कळलं म्हणून सांगितलंय. हा कागद मी कुठं धाडणार, चार आण्याशेजारी डब्यात ठेवते.

आणखी एक, लेकाला सांगितलं न्हाई ते. ती दोघं गेल्यावर दार लावून मी परत तुझा सव्वाचा नमुना दाबला. दूध दीड, किराणा अडीच, लाईट सव्वा. सगळे तुझ्या वेळचे भाव. ते तुला ऐकवल्यासारखे मोठ्यानं वाचले, आणि मग सगळं होतं तसं करून ठेवलं. आता अधूनमधून करते असं. त्या वेळात औषधाचं तेवढं लिहीत न्हाई.