ताटावरचा आडवा हात

माय, लिहायला फार उशीर केला, माफ कर. तू होतीस तेव्हाच तोंडावर बोलायला पाहिजे होतं, पण तेवढं धाडस झालं नाही. आज सकाळपासून तीन कागद फाडले. मला तुझा राग आहे. इतकी वर्षं तो पोटात ठेवला, आणि आता मी बापाच्या, दादांच्या वयाच्या पुढं गेलो तरी तो कमी झालेला नाही.

बिडकीनच्या घरातला तो दिवाळीचा पाडवा मला ताटासकट आठवतो. आत्या, काका, पोरंसोरं, सगळी पंगत बसली आहे. दादांना साखर निघून महिना झालेला. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं आहे की भाकरी, भाजी, ताक खायचं, गोड बंद. एक पुरणपोळी कशीबशी खाऊन दादा ताटावर हात आडवा धरतात. तू पोळ्यांची चवड घेऊन त्यांच्यासमोर वाकतेस. "हात काढा. सणाच्या दिवशी ताटावर हात ठेवत्यात व्हय?" दादा म्हणतात, "नको गं, डाक्टरनं..." "डाक्टरच्या घरी दिवाळी नसंल. आमच्या घरी हाय." पंगत हसते. मी म्हणतो, "माय, राहू दे ना." तू माझ्याकडं न बघताच म्हणतेस, "तू गप. सातवी शिकला अन् लगेच डाक्टर झाला." पंगत आणखी हसते. मग तू त्यांचं मनगट धरून हात बाजूला सारतेस, पोळी ठेवतेस आणि वरून तुपाची धार सोडतेस. दादा मान खाली घालून खातात. पुढच्या प्रत्येक सणाला हेच झालं. आधी पायाच्या अंगठ्याची जखम, मग पाऊलच काढावं लागलं. पाऊल गेल्यावर दादा भिंतीला टेकून जेवायला बसायचे, तरी संक्रांतीला तू त्यांना तिळाची पोळी वाढलीस. तुला दिसत नव्हतं का? चार पाहुण्यांत नवऱ्याचं ताट रिकामं दिसू नये म्हणून माणूस घालवलास तू. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मी तुझ्यासारखा होणार नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. चिकलठाण्याच्या कारखान्यात कुणाकडचे पेढे आले की मी अर्धा तोडून अर्धा परत ठेवायचो. सोबतचे मला 'अर्धा पेढा' म्हणायचे. म्हणू देत. लग्नात, बारशात मी दुसऱ्यांच्या ताटांवरही नजर ठेवायचो. तुझी सून वैतागायची. "जेवायला आलाय का पहाऱ्याला?" असं चारचौघांत म्हणायची.

यंदा धोंड्याचा महिना उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. तीन वर्षांनी जावयाला धोंडे खायला बोलवायचं, तुला काय सांगू. जावयांना दोन वर्षांपासून साखर आहे. लेकीनं आधीच फोन केला. "बाबा, आम्ही येतो. पण त्यांना धोंडा एकच, तोही लहान. बाकी भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर. आग्रह करायचा नाही. लिहून घ्या." मी कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं. खाली दोन रेघाही ओढल्या. तुझ्या सुनेनं सगळं तसंच केलं. जावई जेवायला बसले, आनंदानं भाकरी-उसळ खाल्ली, एक धोंडा खाल्ला. पुरण भरलेला, वाफवलेला, वर जरासं तूप. आणि मग त्यांनी ताटावर हात आडवा ठेवला. "बास, मामा. झ्याक झालं."

मला काय झालं कुणास ठाऊक. जावई धोंड्याला येऊन एक खाऊन उठला, असं त्यांच्या घरी कळलं तर? तिथं माझ्या लेकीला कुणी बोललं तर? लेक पाणी आणायला आत गेली होती. तुझ्या सुनेच्या हातातलं पातेलं मी ओढून घेतलं. "मामा, खरंच नको," जावई म्हणाले. हसत म्हणाले, म्हातारा दुखावू नये म्हणून. मी म्हणालो, "तीन वर्षांत एकदा येतो हा महिना. एवढ्यानं काय होतंय?" आणि तीन धोंडे वाढले. तूप ओतलं. ते खाली बघून खात राहिले. लेक बाहेर आली तेव्हा ताट रिकामं होतं आणि पातेलं माझ्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना चक्कर आली. साखर इतकी चढली की मोजायच्या मशीनवर आकडाच येईना. तीन दिवस दवाखान्यात होते. आता घरी आहेत, पायावर चालतात, असं तुझ्या सुनेनं कुणाकडून तरी ऐकलं. लेक माझा फोन उचलत नाही. दिवाळीला येणार नाही, एवढा निरोप दिला. मी दिवसातून पाच वेळा फोन चार्जिंगला आहे का बघतो.

हे सगळं तुझ्यामुळं झालं, असं लिहायला मी बसलो होतो. पण एक सांगायचं राहिलं. ताटावरचा हात काढायला जावई तयार नव्हते, म्हणून मी त्यांचं मनगट धरून हात बाजूला सारला. त्या क्षणी मला तू आठवलीस. दादांचं मनगटही आठवलं. तरी मी थांबलो नाही.

हा कागद मी उशाखाली ठेवतो आहे, पोस्टात टाकून पाठवणार तरी कुठं? तू आता दादांजवळ असशील. ते तुझ्याशी बोलतात का? त्यांच्याशी पहिल्यांदा काय बोललीस, तेवढं मला कळव. लेकीनं फोन उचलला तर मलाही कुठून तरी सुरुवात करावी लागेल. लवकर कळव, माय.