कल्ले न उघडण्याचा नेम

प्रिय आई,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. काल मी तुमच्या लेकाचा हात मोडला. भर येरवड्याच्या बाजारात, मासे कापायच्या कोयत्याच्या पाठीने. तुम्ही असतात तर माझ्या झिंज्या धरल्या असत्यात. खुशाल धरा, पण आधी ऐकून घ्या.

काल सकाळी हे फोन घरी विसरले, म्हणून तो द्यायला मी विश्रांतवाडीच्या पुढे नदीच्या डोहावर गेले. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिथे कधी गेले नव्हते. मासे धरणं त्यांचं, विकणं आपल्या दोघींचं. बघते तर जाळं कोरडंच काठावर पडलेलं. आणि पाण्यात काय चाललं होतं म्हणून सांगू? मासे वेड लागल्यासारखे गरगर फिरत होते, दगडांवर स्वतःला आपटून घेत होते. एक मरळ उडून माझ्या पायापाशी पडली. तोंड वासलेलं, पर ताठ, अंगाला आचके. किती वेळ मरत होती ती! हे काठावरून टोपलीने मासे उपसत होते. शेजारी कांद्यावर फवारायच्या औषधाची रिकामी बाटली.

"हे काय केलंत?"

"आईच्या वेळेपासून करतोय. तू फक्त कल्ले उघडू नकोस."



आठवतं का? मधूनच एखाद्या दिवशी तुम्ही म्हणायचात, आज गिऱ्हाइकाला कल्ले उघडून दाखवायचे नाहीत, नेम आहे. त्या दिवशी घरात मासा शिजायचा नाही, पिठलं व्हायचं. मला वाटायचं, घराण्यात देवाचं काही असेल. एकदा एका बाईने हट्ट धरला म्हणून मी कल्ला उघडला, तर चारचौघांत तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. ओठ फुटला. घरी येऊन मी देवापुढे नाक घासलं, चुकले म्हणून. तुम्ही बघत होतात ना? आणि पिठलं ढवळत राहिलात.

लोकांच्या ताटात विष आणि आपल्या ताटात पिठलं. घास कसा उतरायचा हो तुमच्या घशाखाली?

आणि ह्याच तुम्ही माझ्या दोन्ही बाळंतपणांत मरळीचं कालवण केलंत, काटे काढून हाताने भरवलंत. ती मरळ कल्ला बघूनच घेतलेली असणार. माझ्या आईने केलं नाही एवढं तुम्ही केलंत. तुम्ही वाईट असतात तर मला सोपं गेलं असतं.

तोच माल घेऊन काल हे स्वतःच बाजारात माझ्याशेजारी बसले, तेवढ्यात राबियाआपा आल्या. तुमच्या तीस वर्षांच्या गिऱ्हाईक. त्यांची मुलगी चार दिवसांची बाळंतीण, तिच्यासाठी मरळ हवी होती. ह्यांनी त्या डोहातलीच उचलून काट्यावर टाकली. मी ती ओढली आणि आपांच्या डोळ्यांसमोर कल्ला उघडला. चांगल्या माशाचा लाल असतो, हा काळपट, वर बुळबुळीत थर.

"आपा, हे पोरीला घालू नका. पाण्यात औषध टाकून मारलेत."

ह्यांनी मला मारलं. तुम्ही मारलं होतंत त्याच गालावर. मग पुन्हा मरळीला हात घातला, तेव्हा मी कोयता उलटा धरून त्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. वाईट वाटलं का? नाही वाटलं. राहिलेल्या सगळ्या मालावर फिनेलची बाटली रिकामी केली.

राबियाआपा जायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "शोभा, ह्याच पोरीच्या वेळेला मी बाळंतीण होते, तेव्हा तुझ्या सासूने मला मरळ दिली होती."

ती कुठल्या दिवसाची होती, आई? नेमाच्या की बिननेमाच्या? आता कोणाला विचारू?

हे हाताला प्लास्टर घालून आतल्या खोलीत पडलेत. डॉक्टरांना सांगितलं, पाय घसरला. माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही. पुन्हा पाण्यात औषध गेलं तर दुसरा हातही जागेवर राहणार नाही, तुमच्या फोटोपुढे बसून सांगते. आणि परवापासून मी येईल त्या गिऱ्हाइकाला कल्ला उघडून दाखवणार, कोणी मागो न मागो.

उद्या तुमच्या पानावर मरळीचं कालवण वाढायचं असं नणंदांनी ठरवलंय. तुम्हाला फार आवडायचं.

मी पिठलं वाढणार आहे.

तुमची सून,
शोभा