सिनियर्स हरले होते, दादा

प्रिय दादा,

रविवारी नव्या सीझनचं वेळापत्रक आलं. त्याच दुपारी कॉटन ग्रीनला तुझ्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगून आलो. आता तुला सांगायचं तेवढं राहिलंय. तुला जाऊन चार महिने झाले. या चार महिन्यांत मनातल्या मनातसुद्धा मी तुझ्याशी धड बोललेलो नाही. बोलायला लागलो की एकच गोष्ट आडवी येते. म्हणून ती आधी सांगतो.

आपण थर्ड डिव्हिजनमध्ये आहोत.

तू गेलास तेव्हा तुला वाटत होतं, आपली रिझर्व्ह टीम सेकंड डिव्हिजनमध्ये टिकली. नाही टिकली, दादा. तुला ते कळलं नाही, कारण मी तुझ्याशी खोटं बोललो.

माझी आणि तुझी पहिली भेट तुला आठवते? परळच्या मैदानावर मी ट्रायलला आलो होतो. तू तेव्हा रिझर्व्हचा कॅप्टन होतास, मधल्या बचावात स्टॉपर खेळायचास. मी गोलमधून ओरडलो, "दादा, तुम्ही मागे या, तुमच्या डावीकडे माणूस आहे." तू खेळ थांबवून माझ्यापर्यंत चालत आलास. म्हणालास, "तुम्ही-आम्ही करेपर्यंत बॉल आत जाईल. तू म्हण. आणि छोटं बोल." त्या दिवसापासून तू. घरी आईला ते कधीच आवडलं नाही. दहा वर्षांनी मोठ्या माणसाला अरेतुरे काय करतोस, म्हणायची.

मी पाच वर्षं खेळलो. तू कोच झालास आणि पहिल्याच महिन्यात मला बाजूला घेऊन बसवलंस. "सतीश, तुझी सिनियरमध्ये निवड होणार नाही. हात चांगले आहेत, पण उंची कमी आहे, आणि ती आता वाढणार नाही. नोकरीच्या परीक्षा दे." आठवडाभर मी तुझ्याशी बोललो नाही. भायखळ्याहून मैदानात यायचो, सराव करायचो, निघून जायचो. मग परीक्षा दिल्या. आज माझं घर चालतंय ते त्या परीक्षेवर. हे तुला मी कधी सांगितलं का? नसेल सांगितलं. तू तरी कुठे विचारलंस! दुसऱ्या वर्षी मला म्हणालास, "संध्याकाळी येऊन कीपर्सना शिकव," आणि मी आलो.

दमायला होतं रे या रिझर्व्ह टीममध्ये. तू असताना जाणवायचं नाही, आता जाणवतं. मॅच भर उन्हात, बघायला चार माणसं, त्यातली दोन पुढच्या मॅचची. सिनियरनी गेल्या वर्षी घातलेल्या जर्सी. आणि मॅचच्या दिवशी सकाळी फोन, की आमच्याकडे दोघांना दुखापत झाली, तुमचे दोघं पाठवा. वर्षभर घडवलेली पोरं नाश्त्याच्या वेळी निघून जायची. तू फोन ठेवून फक्त एवढंच म्हणायचास, "चला, आता कोण कुठे खेळतो ते ठरवू." मी चिडायचो. तू का चिडत नाहीस, यावर जास्त चिडायचो.

शेवटच्या मॅचच्या दिवशीही तेच झालं. तू परळला हॉस्पिटलमध्ये, केमोच्या तिसऱ्या फेरीत. टीम माझ्याकडे. टिकायला एक पॉइंट हवा होता आणि सकाळी सिनियरचा फोन आला. त्यांचीही खाली घसरायची वेळ आली होती. सरावाला म्हणून दोन दिवस आधीच आपला स्ट्रायकर आणि एक हाफ त्यांनी नेला. मी भांडलो. काही उपयोग झाला नाही.

ती मॅच एक-एक झाली, हे मी तुला खरंच सांगितलं होतं. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली आणि आपला कीपर फैजान याने ती छातीवर घेतली, हेही खरं. एकोणीस वर्षांचा पोरगा, जर्सीवरची माती तशीच घेऊन माझ्याबरोबर वॉर्डात आला. "दादा, राहिलो," म्हणाला. तू त्याचा हात धरलास तो नर्सने आम्हाला बाहेर काढेपर्यंत सोडला नाहीस.

सिनियर टीमची मॅच दोन दिवसांनी होती. ती ते हरले आणि सेकंड डिव्हिजनमध्ये आले. नियम तुला पाठ होता, तूच पोरांना समजावायचास. एका क्लबच्या दोन टीम एका डिव्हिजनमध्ये खेळत नाहीत. मोठी टीम खाली आली की धाकटीने आणखी एक पायरी उतरायचं. आपण एक पॉइंट मिळवला काय आणि न मिळवला काय.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तुझ्याकडे आलो. तू उशीला टेकून बसला होतास. दाढी केलेली. म्हणालास, "सिनियर्सचं काय झालं?"

मी म्हणालो, "जिंकले."

"कितीने?"

"दोन-एक."

मला वाटलं, इथे संपेल. पण तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "गोल सांग." मग मी सांगितले. पहिला कॉर्नरवर, स्टॉपरने डोक्याने मारलेला. दुसरा डावीकडून क्रॉस आला, आपल्याच स्ट्रायकरने पहिल्या टचवर घातला. तू विचारलंस, "कुठल्या पायाने?" मी म्हणालो, उजव्या. तू हसलास. "डावा वापरत नाही अजून गाढव."

दादा, तो त्या मॅचमध्ये उतरलाही नव्हता. पूर्ण वेळ बेंचवर बसवला त्याला.

वॉर्डाबाहेर येऊन मी पोरांना फोन केले. दादांना कोणी काही सांगायचं नाही. सगळे हो म्हणाले. त्यांनाही ते सोपं वाटलं असणार, मला वाटलं तसंच. तुझा मोबाईल वहिनींकडे होता आणि वहिनींना फुटबॉलमधलं फक्त तुझं वेळेवर न जेवणं माहीत.

तू आणखी आठ दिवस होतास. त्या आठ दिवसांत मी दोनदाच आलो. कामं होती, असं तुला सांगितलं. तेही खोटंच. तू पुढच्या सीझनचं बोलायचास आणि मला तुझ्याकडे बघवायचं नाही.

तेराव्याला घर भरलं होतं. पोरं गॅलरीत दाटीने उभी होती. वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही टीम राखलीत, म्हणून हे समाधानाने गेले." फैजान चपलांकडे बघत राहिला. मग वहिनींनी माझ्या हातात एक शंभर पानी वही दिली. "शेवटच्या दिवसांत हेच चाललं होतं. तुला द्यायला सांगितलंय."

घरी येऊन उघडली. सेकंड डिव्हिजनच्या सगळ्या टीम, एकेका पानावर एकेक. कोणाचा बॅक हळू वळतो, कोणाचा कीपर पुढे येतो, आपण कसं उभं राहायचं. अक्षर शेवटी शेवटी इतकं हललंय की दोन पानं मला लागलीच नाहीत. त्यातली एकही टीम या वर्षी आपल्यासमोर येणार नाही.

शनिवारी वहिनींनीच फोन केला होता. "पहिली मॅच कधी? मी येते बघायला. ह्यांच्या हयातीत एकदाही आले नाही." मग कसं गप्प राहणार? तिथे कोणीही थर्ड डिव्हिजन म्हणालं असतं.

मी गेलो तेव्हा त्या कोलंबी सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. नियमसुद्धा समजावला. त्या सोलत राहिल्या. ताटातली संपली, हात धुतले, मग मालवणीत म्हणाल्या, "माका त्यातला काय कळना नाय. पण तेंका सांगूक व्हया होता."

मी म्हणालो, त्रास झाला असता दादाला.

"झाला असता. एक दिवस जेवले नसते, तुला शिव्या घातल्या असत्या. दुसऱ्या दिवशी उठून खालच्या टीमांची नावं मागितली असती. बावीस वर्षं मी बघितलंय ना." मग म्हणाल्या, "आठ दिवस हात थरथरत लिहीत होते, सतीश. ते तरी कामाचं लिहिलं असतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. चहाही दिला.

मी तुला वाचवत नव्हतो, दादा. तुझ्या चेहऱ्यावर ते बघायचं मला नको होतं. तू मला उंचीचं सांगितलंस तेव्हा माझ्या चेहऱ्यावर जे आलं असेल, ते तू बघितलंस. समोरून हलला नाहीस. मला तेवढं जमलं नाही. त्यासाठी माफी मागतो. तू काय म्हणशील ते मला ऐकू येत नाही, हीच मोठी अडचण आहे.

फैजान गेला. सेकंड डिव्हिजनमधल्या एका टीमने बोलावलं. मला विचारायला आला तेव्हा खाली बघत होता. मी म्हणालो, जा, इथे थांबलास तर वाया जाशील. आणखी चौघं गेले. उरलेल्यांत एक कीपर आहे, बॉल आला की डोळे मिटतो. मला खरंच कंटाळा आलाय रे. तरी रोज संध्याकाळी मैदानावर जातोय. दुसरं काही येत नाही.

वहिनी गुरुवारी पहिल्या मॅचला येणार आहेत. जिना उतरताना मागून हाक मारून विचारलं त्यांनी, "सावली असते का तिथे?" मी म्हणालो, नाही. म्हणाल्या, छत्री आणते.

परत वर सेकंडला येऊ, असं वचन मी देत नाही. बहुतेक नाही येणार. वचन एवढंच, की प्रत्येक मॅच झाली की त्याच संध्याकाळी कॉटन ग्रीनला येईन आणि तुझ्या फोटोसमोर जे झालं तेच सांगेन. गोल कसा गेला, कोणाच्या चुकीने गेला, मी कोणाला चुकून बाहेर बसवलं. हरलो असू तर पहिलं वाक्य तेच असेल.

तुझा,
सतीश
रिझर्व्ह टीम, थर्ड डिव्हिजन