गुळगुळीत उखळ

हर्दीन,
१७ सप्टेंबर २०१८

चि. लमिया हिस आफाफताईचे अ. उ. आ.

घरात फोनवर बोलायला लागलं की आईला वाटतं कुणीतरी भांडतंय, आणि ती दाराआड जाऊन बसते. म्हणून हा कागद व्हॅनवाल्या जिर्जसबरोबर पाठवते आहे. गहू उकडून गच्चीवर वाळत घातलाय. तुझ्या वाटणीचा दलिया ठेवते, मात्र न्यायला तू स्वतः यायचंस. तुझ्या कारखान्यातल्या माणसांना पाठवायचं नाही.

आता मुद्द्याचं. आई झोपली असताना आपण दोघींनी तिचं ते दगडी उखळ तुझ्या प्रदर्शनासाठी गाडीत चढवलं. तिला आता मुलींची नावं आठवत नाहीत, दगडाचं काय आठवणार, असं तू म्हणालीस आणि मीही मान डोलावली. अगं, तिला तेवढंच आठवतं. काल चर्चची घंटा झाली तशी ती उठली, मुसळ घेतलं आणि ओट्याजवळच्या रिकाम्या जागी बसली. जरा वेळ पाहिलं आणि फरशीवरच कांडायला लागली. एक फरशी फुटली. मी मुसळ काढून घेतलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी ते परत दिलं.

उखळ गेल्यापासून ती जेवत नाही. दूध आणि एखादा खजूर, बस. मांस आणि दलिया एकत्र कांडून किब्बे केल्याशिवाय घरातली बाई जेवेल कशी, असं मलाच विचारते. डॉक्टर सलाइनचं बोलायला लागलेत. तुझं प्रदर्शन मोठं आहे, ठाऊक आहे मला. तुझं उखळ पांढरं झालं याचा आनंदच आहे, पण आमचं तेवढं परत पाठव.

तुझी,
आफाफताई


बैरुत,
२१ सप्टेंबर

ती. ताईस लमियाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ताई, उखळ परत पाठवता येणार नाही. मी ते कापलं. वरपासून खालपर्यंत, मधोमध.

तीस वर्षांचं काम एकदम मांडायचं होतं. मिलानला नावाजलेल्या खुर्च्या आहेत, संगमरवरी टेबलं आहेत, बंदरावर उभ्या केलेल्या पक्ष्याचा नमुना आहे. पण मधोमध मला आईच्या हातानं झिजलेली ती पोकळी ठेवायची होती. बायका जन्मभर मुसळानं जे कोरतात त्याला कुणी शिल्प म्हणत नाही, ते लोकांना दाखवायचं होतं. कापल्यावर आतलं वळण पाहून मला रडू आलं, इतकं ते सुंदर आहे. आता त्याच्याकडे बघवत नाही.

बाबा मुलीच्या हातात छिन्नी देईनात, तेव्हा आईनं त्यांची जुनी छिन्नी पिठाच्या डब्यात लपवून मला दिली होती, आठवतं? तिच्या जिवावर मी इथवर आले आणि तिचंच उखळ चिरलं. सोबत मांस वाटायचं विजेचं यंत्र पाठवते. दुसरं काय करावं कळत नाही.

तुझी,
लमिया


हर्दीन,
२६ सप्टेंबर

चि. लमिया हिस अ. उ. आ.

यंत्र मिळालं. त्याचा आवाज ऐकून आई अंगणात पळाली, तेव्हापासून ते कपाटात आहे. शेजारच्या उम्म तनूसनं आपलं उखळ उसनं दिलं. आईनं त्यात मुसळ एकदा आपटलं, कान दिला, आणि हे परक्याचं आहे म्हणून उठली.

तुझ्यावर दोन दिवस रागावले होते. आता रागवायलाही वेळ नाही, आईच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते. इतकी मोठी शिल्पकार ना तू? मग रडत काय बसतेस? नवं घडव. माप विचारू नकोस, तुला माहीत आहे. इथला पाथरवट लग्न ठरलं की नवरीच्या हाताच्या मापानं उखळ घडवतो. बाबांनीही आईचं तसंच घडवलं होतं. कोपर काठाला टेकलं की बोटं तळाला लागायची. लवकर कर.

आफाफताई


बैरुत,
११ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न.

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं. प्रदर्शन पुढं ढकललं. ज्यांनी जागा दिली होती ते चिडलेत, चिडू देत. बाबांच्या खाणीतला एक दगड माझ्याकडे पडून होता, त्यालाच हात घातला. यंत्र लावलं नाही, सगळं छिन्नीनं केलं. खांदा रात्रभर ठणकतो. आतून इतकं घोटलंय की बोट कुठं अडत नाही. माझ्या हातून यापेक्षा नितळ काम झालेलं नाही.

रविवारी घेऊन येते. आईनं मला ओळखावं अशी अपेक्षा नाही, असं लिहिते आहे खरं, पण आहे.

लमिया


हर्दीन,
१५ ऑक्टोबर

चि. लमिया हिस आफाफताईचे अनेक आशीर्वाद.

काल तू न जेवता गेलीस. मी तुझा चेहरा पाहिला होता, म्हणून थांबवलं नाही.

तुझ्या त्या घोटलेल्या उखळात आईनं मुसळ मारलं आणि मांसाचा गोळा घसरून काठावर आला, तेव्हा उम्म तनूस हसली आणि खरं सांगते, मलाही हसू आलं. जगभर नाव झालेल्या बाईनं उखळ आतून टेबलासारखं गुळगुळीत करावं! आईनं आत हात फिरवला आणि तुला मिस्त्री म्हणून हाक मारून सांगितलं की हे बघायला छान आहे, कांडायला नाही. तू ते अंगणात नेऊन बाबांच्या छिन्नीनं आतून टाकी लावून खरखरीत केलंस, मग मीठ आणि गहू कांडून कच काढलीस. आईनं मुसळ आपटलं, कान दिला, मान हलवली आणि कांडायला बसली. तुला पुन्हा मिस्त्रीच म्हणाली, देव तुझे हात शाबूत ठेवो म्हणाली. तेवढ्यावर तू उठलीस.

पुढचं तुला ठाऊक नाही. आई जेवली. कांदा, पुदिना, ऑलिव्हचं तेल घेऊन ताटभर जेवली. मग एक किब्बे भाकरीत गुंडाळून दारात गेली आणि मिस्त्री गेला का विचारलं. गेला म्हटल्यावर हळहळली. चांगला कारागीर आहे, सांगितलेलं ऐकतो, असं म्हणाली. मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली की माझी धाकटी पण दगडाचं काम करते, बैरुतला असते. तिला मात्र सांगू नका जुनं उखळ गेलं म्हणून. तिला वाटेल आपल्याच हातून गेलं, आणि ती छिन्नी खाली ठेवेल.

मी सांगणार नाही म्हटलं तिला. पण तुला सांगितल्यावाचून राहवलं नाही.

ते किब्बे तिनं मला खाऊ दिलं नाही, मिस्त्रीचं आहे म्हणाली. रविवारी घंटेच्या आधी ये. मिस्त्री म्हणून आलीस तरी चालेल. माझा लोभ आहेच, आईचाही आहे, हे आता तुला मी वेगळं लिहायला नको.

तुझी,
आफाफताई