वेशीबाहेरचं पान

६ सप्टेंबर
आलो एकदाचे. स्कॉटलंडच्या सीमेवरचं हे समुद्रकाठचं गाव मला पाहताक्षणी आवडलं. मला इथल्या क्लिनिकात डॉक्टरची नोकरी मिळाली; सुयश अजून साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातल्या नोकरीत अडकलाय, त्यामुळे सध्या घरात राज्य माझं आणि लेकीचं, दियाचं. ती नुकती पहिलीत गेली आहे. परसाच्या भिंतीपलीकडे जुनी दफनभूमी आहे. सुयश फोनवर म्हणाला, शेजार तरी शांत मिळाला.

१४ सप्टेंबर
शेजारच्या मार्गारेटबाईंनी दफनभूमीचा इतिहास सांगितला. हे गाव म्हणजे पूर्वी सीमेवरची तटबंदी असलेली छावणी होती. तापाची साथ आली तेव्हा गावाने आजारी मुलांना वेशीबाहेर काढलं, आयांना आत कोंडलं आणि दार लावून घेतलं. मुलं बाहेरच दगावली, तिथेच पुरली. दगडांवर नावंही नाहीत.

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. बाबांसाठी पान वाढलं. ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठीही आपण घास काढतोच, म्हणून एक पान त्या मुलांचं, भिंतीवर ठेवलं. बाबांच्या पानाला कावळा लगेच शिवला. मुलांच्या पानाकडे एकही फिरकेना. मग आपल्याकडे म्हणतात तसं हात जोडून म्हणाले, तुमचं जे राहिलं असेल ते मी पुरं करीन. कावळ्यांची झुंबड उडाली. सुयश फोनवर म्हणाला, काय राहिलंय ते आधी विचारायचंस तरी.

२६ सप्टेंबर
दिया शाळेतून आली की भिंतीशी बसून कुणाशीतरी बोलते. म्हणाली, ते मराठी शिकव म्हणतात. मी हसले. मग भिंतीवर लहान हातांचे ओले ठसे दिसले, पलीकडून चढल्यासारखे. पाऊस नव्हता.

३० सप्टेंबर
दियाला ताप. मी डॉक्टर, आणि औषध लागू पडत नाही. तिला नेणार ते. मी काय बोलून बसले—

२ ऑक्टोबर
सुयश येऊन दियाला घेऊन गेला. गाडी गावाबाहेर पडताच ताप उतरला. क्लिनिकचं काम उरकून शनिवारी मीही निघणार. जाताना दिया म्हणाली, "दे डोन्ट वॉन्ट मी. त्यांच्याकडे फ्रेंड्स खूप आहे. मी त्यांना एकच वर्ड शिकवला."
कोणता, ते विचारायचं राहिलं.

४ ऑक्टोबर
बॅग भरली. टॅक्सी येईल एवढ्यात—

परसातून हाक आली, "आई." दियाचाच हेल. मी सवयीने "आले गं" म्हणाले, दार उघडलं. कोणी नव्हतं.

दिया तर साउथहॅम्प्टनला—

दार लावायचं राहिलं. स्वयंपाकघरात ओली पावलं. बरीच.

गुडघ्याला हात लागला. इवलासा. सगळ्यांत धाकटा असावा. पुन्हा तीच हाक—

अंग किती तापलंय याचं. आधी याला कडेवर तरी—